दुखणं सांगणाऱ्यांनीच यावं

सरांच्या दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. पदवी नव्हती, वेळ नव्हती, फोन नंबरसुद्धा नव्हता. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात दोनच वाक्यं होती : 'इथे करंट देत नाहीत. दुखणं सांगणाऱ्यांनीच यावं.' मी नोकरीसाठी पहिल्यांदा गेले तेव्हा ती पाटी वाचून रस्त्यावरच थांबले. गडचांदूरची ती गल्ली. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या गाद्या शिवणारा, आणि मध्ये ही पाटी. पत्ता चुकला असं समजून मी परत फिरणार होते. तेवढ्यात आतून एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस बाहेर आला. माझ्या तोंडाकडे न बघता त्यानं माझ्या सँडलकडे बघितलं आणि म्हणाला, "बॅग नेहमी उजव्या खांद्यावर घेतेस. आत ये."

माझी मुलाखत तेवढीच झाली. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते.

सर फिजिओथेरपिस्ट होते, मीही नुकतीच झाले होते. डॉक्टर म्हटलेलं त्यांना आवडत नसे, पण सगळं गाव डाक्टरच म्हणे, तेव्हा त्यांनी लोकांना टोकणं सोडून दिलं होतं. मूळचे चंद्रपूरचे, वडील कोळशाच्या खाणीत होते. बायको चंद्रपुरातच शाळेत शिकवायची, त्यामुळे शनिवारी दुपारी एसटीनं जायचे आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन परत यायचे. मधले दिवस दवाखान्यामागच्या खोलीत. घरचं बोलणं नाही, राजकारण नाही, क्रिकेट नाही. माणसाचे पाय, खांदे, कोपर आणि मनगट एवढंच त्यांचं जग होतं, आणि त्या जगात ते सकाळपासून कोणावर ना कोणावर चिडलेले असत.

पाटीवरच्या पहिल्या वाक्यामागे इतिहास होता. सरांनी शॉकवेव्हचं यंत्र आणलं तेव्हा मोठ्या हौसेनं तसा बोर्ड लावला होता. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. शॉक म्हणजे करंट, हे या भागात सगळ्यांना ठाऊक. शेताच्या कुंपणात सोडलेला करंट लागून रानडुक्कर मरतं, कधी माणूसही मरतो. त्याच नावाचा इलाज कोण अंगावर घेईल? एक खाणकामगार तेवढा धीर करून आला, तोही बायकोला सोबत घेऊन, आणि आत शिरायच्या आधी हातातली अंगठी काढून तिच्याकडे देऊन. त्या दिवशी सरांनी बोर्ड उतरवला आणि रंगाऱ्याला बोलावलं.

खरं म्हणजे त्यात अंगाला वीज लागतच नाही. हातात धरायच्या दांड्यात हवेच्या दाबानं एक लहानसा तुकडा टोकावर येऊन आपटत राहतो. त्या आपटण्याच्या लहरी जेलमधून कातडीखाली उतरतात आणि दुखऱ्या जागेवर ठोके देतात. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, झिजून महिनोन्महिने तशीच राहिली की शरीर तिच्याकडे बघणं सोडून देतं. ठोके बसले की दुरुस्ती पुन्हा सुरू होते, पण आपल्या गतीनं, आठवडे घेत. सर हे पेशंटला वेगळ्या शब्दांत सांगत. "तुमच्या आंगानं हे दुखनं फायलीत बांधून कपाटात टाकलं होतं. मी ते काढून पुन्हा साहेबाच्या टेबलावर ठेवतो. आता साहेब सही कई करन, ते माह्या हातात नाई." सरकारी कचेरीत ज्याचं काम अडलं नाही असा माणूस तालुक्यात नव्हता, त्यामुळे हे सगळ्यांना लगेच समजायचं.

लोक त्या इलाजाला 'ठोके' म्हणू लागले. 'कुठी चालले?' 'ठोके घ्याले.' मलाही ते नाव आवडायचं.

आता पाटीवरचं दुसरं वाक्य. ठोका नेमका कुठे द्यायचा हे यंत्राला कळत नाही. दांडा हळूहळू सरकवत न्यायचा आणि माणूस जिथे 'इथे' म्हणेल तिथे थांबायचं. म्हणजे पेशंटनं बोललं पाहिजे. आणि आमचं सगळं गाडं इथेच अडायचं. सिमेंटची पोती उचलून खांदा गेलेला माणूस टेबलावर पडलेला असे, डोळ्यांतून पाणी येत असे, आणि सरांनी "दुखते का?" विचारलं की म्हणे, "नाई जी." बायका तर पदराचं टोक दातात धरून छताकडे बघत. दुखतं म्हणणं म्हणजे रडणं, आणि परक्या माणसापुढे रडणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. सरांचा पारा चढे. "डोळे होय म्हणून राह्यले अन् तोंड नाई म्हणते. मी कोनाचं आयकू?"

शेवटी त्यांनी टेबलाच्या कडेला सायकलची घंटी बसवली. दुखलं की वाजवायची, बोलायचं नाही. काय आश्चर्य, तोंडानं ब्र न काढणारी माणसं घंटी मात्र मन लावून वाजवू लागली. टायरवाल्याला घंटीवरून कळायचं की आत कोणाचा कोणता सांधा चालू आहे. एक म्हातारे गुरुजी दुखलं नाही तरी वाजवायचे, त्यांना तो आवाजच आवडे. सरांनी त्यांना दोनदा घरी पाठवलं.

चपला वाचायची त्यांना भारी खोड. बाहेर काढलेल्या चपला उलट्या करून तळवे बघायचे आणि आत येऊन, कोणी काही सांगायच्या आधी, कोणाचा कोणता पाय दुखतो ते जाहीर करायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, म्हणून तर खोड गेली नाही. पण एकदा एका बाईला त्यांनी ठणकावून सांगितलं की तुमचं दुखणं उजव्या गुडघ्यात आहे, तुम्ही डावा खांदा दाखवून वेळ घालवू नका. ती बिचारी चार वेळा खांदा पुढे करत राहिली. मग घाबरत म्हणाली, "चपला माह्या जावेच्या होय जी. घाईत घालून आली." सरांनी खांदा बघितला, चांगला केला आणि जाताना सांगितलं, "जावेले घेऊन ये."

दर सकाळी पहिले ठोके ते स्वतःच्या हातावर घ्यायचे. का, तर यंत्राचा हात कसा आहे ते कळतं. मी एकदा म्हटलं की हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. "पुस्तक लिहिणाऱ्याला स्वयंपाक चाखायची सवय नसेल," असं उत्तर आलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. चुकले तरी मागे हटत नसत आणि बरोबर असले तर फारच असह्य होत. गावातल्या कारखान्यातून येणाऱ्या सिमेंटच्या धुळीशी त्यांचं वैर होतं. यंत्र गोधडीत गुंडाळून ठेवायचे आणि आसपासच्या गावात जायचं असलं की त्याच गोधडीसकट स्कूटरच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून न्यायचे. त्या दिवशी मला बसायला जागा नसे. मी ऑटोनं मागून जायची.

आणखी एक नियम होता, तो काचेच्या बरणीचा. ठोक्यांच्या दिवसांत सूज मारणाऱ्या गोळ्या खायच्या नाहीत, नाहीतर सुरू झालेली दुरुस्तीच बंद पडते. म्हणून पेशंट आला की आधी खिसे आणि पिशव्या रिकाम्या करायला लावत. लाल, पिवळ्या, अर्ध्या तोडलेल्या, कागदात बांधलेल्या, काय काय गोळ्या निघत. सगळ्या बरणीत. ट्रक ड्रायव्हर तर हात जोडायचे, "एक तं राहू द्या साहेब, राजुऱ्यापर्यंत जाचं हाय." सर बरणीचं झाकण घट्ट लावायचे. दुखणं बुजवणं आणि दुखणं बरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर ते दिवसातून एकदा तरी भाषण द्यायचे. मला ते भाषण पाठ झालं होतं. पुढे जे झालं त्यात हाच फरक सगळ्यांच्या अंगाशी आला, सरांच्यासुद्धा.

कोरपन्याच्या वाटेवरच्या एका गावातून अंजनाबाई म्हणून एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, उंच, कमी बोलणारी. टाच दुखायची. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की जीव जायचा. कापूस वेचायचे दिवस तोंडावर आले होते, आणि वेचणीला दिवसभर उभं राहावं लागतं. सरांनी पायाला हात लावला तशी बाईंनी पाय ओढून घेतला, सरांना नमस्कार केला आणि मग पुन्हा पुढे केला. असं दर वेळी. घंटी मात्र बाईंनी एकदाच, अगदी हळू वाजवली. सरांनी सगळ्यांना सांगतात तेच त्यांनाही सांगितलं : "ठोक्यानंतर दोन-चार दिवस हलकं वाटन. ते बरं होनं नाई, ते नुसतं सुन्न होनं होय. त्या दिवसात पायाले कामाले लावू नका." बाई म्हणाल्या, "हो जी."

या भागात 'हो जी'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच आहे. 'करीन' असा नाही. हे कळायला मला बराच काळ लागला, आणि सरांना, इथलेच असून, कधी कळलं नाही.

ठरलेले ठोके घेऊन झाल्यावर सरांनी विचारलं, "आता?" बाई म्हणाल्या, "बरं हाय." झालं. सरांना असा पेशंट म्हणजे मेजवानी. आलेल्या प्रत्येकाला ते अंजनाबाईंच्या टाचेची गोष्ट सांगू लागले. त्या टाचेवर त्यांनी निदान पंधरा जणांना ठोक्यांसाठी तयार केलं असेल.

कापसाची वेचणी आटोपल्यावर तीच कीर्ती ऐकून बाईंचा नवरा आला, मारोतीभाऊ. साठीचे, अंगानं काडी, डोक्याला पंचा. स्वतःचं काही दुखत नव्हतं. दवाखान्याच्या दारात त्यांनी बैल आणून उभा केला.

पाखऱ्या त्याचं नाव. पांढरा, देखणा, शंकरपटात धावणारा. आमच्याकडे पीकपाणी आटोपलं की गावोगावी शंकरपट भरतात, बैलजोड्यांच्या शर्यती. मारोतीभाऊंची जोडी चार तालुक्यांत नावाजलेली, आणि छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, तेच हाकायचे. पाखऱ्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागची टेंडन सुजली होती. जनावरांच्या डॉक्टरनं आराम सांगितला होता, पण आराम म्हणजे काहीच न करणं, आणि काहीच न करणं मारोतीभाऊंच्या स्वभावात नव्हतं. "बायकोची टाच बरी केली ना जी? हा बी पायच होय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आपल्याला जनावरांवर उपचार करायची परवानगी नाही."

सर बैलाच्या पायाशी केव्हाच बसले होते. पण माझं म्हणणं त्यांनी अगदीच टाकलं नाही. तालुक्याच्या पशुवैद्याला फोन लावला. तो माणूस हसत हसत आला, म्हणाला, परदेशात घोड्यांना देतात असं वाचलंय, बैलाचं ऐकलं नाही, पण मी उभा राहतो, तुम्ही करा.

कडुनिंबाखाली, दवाखान्यातून वायर ओढून, पायावरचे केस कापून आणि बचकभर जेल लावून पाखऱ्याला ठोके दिले. सगळी गल्ली जमली. मारोतीभाऊंनी वेसण धरली होती. सर दांडा सरकवत होते आणि बैल कान हलवत शांत उभा होता. मग एका जागी त्याची कातडी थरथरली आणि त्यानं पाय उचलला. सर दांडा थांबवून वर बघत ओरडले, "पाह्यलं? ह्याले म्हनते पेशंट! इतक्या वर्षांत पहिला खरं सांगनारा भेटला."

लोक हसले. अंजनाबाई बाजूला उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दुखलं तं त्याले कोन हासते जी."

सरांचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मी ते एक चांगलं वाक्य म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

लंगडं जनावर एवढं चालवत आणलं म्हणून मारोतीभाऊंना बोलणी बसली आणि पुढचे ठोके द्यायला आम्ही त्यांच्या गावी जाऊ लागलो, यंत्र स्कूटरवर आणि मी ऑटोत. सर गोठ्यासमोर उभे राहून बैलाला चालवायला लावायचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय कसा टाकतो, मान कुठे झुकते, खूर आधी कुठे टेकतो. मारोतीभाऊ त्यांच्या खांद्याला खांदा लावून बघायचे. ते रोज पहाटे उठल्या उठल्या आधी त्या पायाला हात लावून बघत, ऊन लागतो की गार, ते सरांना सविस्तर सांगत. अंजनाबाई घरातून चहा आणायच्या, कप घेऊन जायच्या, बैलाला पाणी दाखवायच्या. तेवढ्यात त्यांची किती चाल झाली असेल! पण चपलेच्या तळव्यावरून माणूस ओळखणारे सर आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मी, आम्ही सगळे बैलाची चाल बघत होतो.

शेवटच्या ठोक्यांच्या वेळी पाखऱ्या सरळ चालू लागला होता. सरांनी मारोतीभाऊंना बसवून सांगितलं. यंदा पट नाही. साधं चालणं, हिरवा चारा, पुढच्या साली बघू. आत्ता बरं दिसतंय ते ठोक्यांमुळे, आतली दोरी अजून कच्चीच आहे, जोरात पळाला तर तुटेल. तुटली तर हा बैल पुन्हा उभा राहणार नाही.

मारोतीभाऊ म्हणाले, "हो जी."

तीन दिवसांनी सकाळी टेबलावर एक ड्रायव्हर पडलेला होता, कोपरावर ठोके चालू होते. त्याला काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "आज मारोतीभाऊच्या गावचा पट हाय ना साहेब. भाऊची जोडी उतरनार म्हनते. तुमची मशीन लय भारी हाय."

सरांनी यंत्र बंद केलं. ड्रायव्हरला सांगितलं, उद्या ये. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी ते स्कूटरपर्यंत पळाले. त्या एका दिवशी मागच्या सीटवर मला जागा मिळाली. वाटेत ते एकच वाक्य बोलले, आणि तेही मला नाही. "त्याले दुखलं असतं तं तो थांबला असता."

माळावर जत्रा भरली होती. भज्यांच्या गाड्या, खेळणी, बायकापोरं, भोंग्यावर ओरडणारा माणूस. दोन जोड्या धावून गेल्या होत्या, धूळ खाली बसायची होती. पटाच्या तोंडाशी मारोतीभाऊंचा छकडा उभा होता. जोडी जुंपलेली, शिंगांना रंग, पाखऱ्याच्या कपाळावर गोंडा. सर ढेकळांतून अडखळत तिथे पोचले.

"मारोतीभाऊ, सोडा त्याले."

"काऊन जी? लंगडून नाई राह्यला. तुम्हीच पाहा दाबून."

सरांनी खाली बसून पाय हातात घेतला. ज्या जागेवर पहिल्या दिवशी कातडी थरथरली होती, तिथेच अंगठा रुतवला. पाखऱ्या रवंथ करत राहिला.

आजूबाजूचे लोक खूश. "डाक्टर, तुमची मशीन पास झाली!"

सर उभे राहिले. धुळीनं मिशा पिवळ्या झाल्या होत्या. "दुखत नाई तेच तं म्हनून राह्यलो. ते म्या बंद केलं. पाय बरा नाई झाला, फक्त बोलनं बंद झालं त्याचं. आता तो जीव तोडून धावन. कुठी थांबाचं ते त्याले कोन सांगन?"

"बरं बी तुम्हीच केलं," मारोतीभाऊ म्हणाले, "अन् आता बरा नाई बी तुम्हीच म्हनता." ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. भोंग्यावर त्यांचं नाव पुकारलं गेलं. सारा गाव बघत होता, आणि त्या गावात त्यांच्या जोडीशिवाय पट म्हणजे पटच नव्हे. पाठ असलेलं भाषण तिथे काही कामाचं नव्हतं. बैलाच्या चांगल्या पायापुढे कोणाचं काय चालणार? मारोतीभाऊंनी कासरा हातात घेतला आणि छकड्यावर पाय ठेवला.

"थांबा," अंजनाबाई म्हणाल्या.

त्या बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या होत्या. बैलांच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"डाक्टर खरं सांगून राह्यले. मले बी असंच झालं होतं."

"काय झालं होतं?" मारोतीभाऊंनी विचारलं.

"ठोके घेतले तवा टाच फुलावानी हलकी झाली. मले वाटलं, झालं बरं. मंग सारा कापूस वेचला, एक दिवस घरी नाई राह्यली. अन् मंग दुखाले लागलं ते पयल्याच्या दुप्पट. तुम्ही पटाले गेले की मी भिंत धरून धरून न्हानीत जाची. अजून बी सकाळी पाय टेकवत नाई."

हे सगळं त्यांनी गावासमोर, भोंग्याच्या गोंगाटात, नेहमीच्या आवाजात सांगितलं. कोणी हसलं नाही. सरांकडे मी बघितलं. ज्या टाचेच्या जोरावर त्यांनी पंधरा माणसं तयार केली होती, ती टाच त्यांच्यासमोर उभी होती आणि शरीराचा सगळा भार दुसऱ्या पायावर होता. लहान मुलालाही दिसलं असतं. त्यांना तेव्हा दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

"मंग काऊन नाई सांगतलं?" मारोतीभाऊ म्हणाले. आवाज चढला होता, पण त्यात राग कमी आणि भीती जास्त होती.

"तुम्ही इचारलं कई?" अंजनाबाई म्हणाल्या. "त्याचा पाय रोज पहाटे हातात घेता."

भोंग्यावर पुन्हा नाव पुकारलं. मग पुन्हा एकदा. मारोतीभाऊ छकड्यावर एक पाय ठेवून तसेच उभे होते. मला वाटलं आता हाकतात. गावासमोर बायको असं बोलल्यावर कोणीही छकडा हाकला असता. पण त्यांनी पाय खाली घेतला, पाखऱ्याच्या गळ्याखालचं जोतं सोडलं आणि जू वर उचलून धरलं. भोंग्यावरच्या माणसानं जोडी बाद म्हणून सांगितलं आणि पुढचं नाव घेतलं. लोक पुढच्या जोडीकडे वळले, पटात तेवढाच वेळ असतो.

दुसरा बैल भावकीतल्या कोणीतरी नेला. आम्ही गावाकडे निघालो. पुढे पाखऱ्याला घेऊन मारोतीभाऊ, त्यांच्या बाजूला सर, मी, आणि बऱ्याच मागे अंजनाबाई. बांधापर्यंत आल्यावर मारोतीभाऊ थांबले. त्यांनी कासरा सरांच्या हातात दिला आणि मागे वळून चालू लागले.

सरांना बैल धरायची सवय नव्हती. पाखऱ्यानं एक हिसका दिला, सर दोन पावलं ओढले गेले, पण कासरा त्यांनी सोडला नाही. त्याला थोपवून ते तसेच उभे राहिले, मीही. मागून ते दोघं हळूहळू येत होते. मारोतीभाऊ तिच्या बाजूनं, तिच्या चालीनं. जवळ आल्यावर त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"कोन्ता पाय व?"

अंजनाबाई चार पावलं चालून झाल्यावर म्हणाल्या,

"उजवा."